तिरल्याहून मनोविश्लेषण: फी, रस्ता आणि बंद दार

आधी हिशेब. इंदूरच्या किंवा ऑनलाइन भेटणाऱ्या पुण्या-मुंबईच्या खासगी थेरपिस्टची एका सेशनची फी साधारण हजार ते अडीच-तीन हजार रुपये असते. पाचशे-सातशेत बघणारेही आहेत. आपण 1500 धरू. सेशन 45 ते 50 मिनिटांचं. आठवड्याला एक, आणि सणासुदीचे चार आठवडे सोडले, तर वर्षाचे 72,000 रुपये होतात. ही झाली मनोविश्लेषणाच्या विचारावर चालणारी साधी थेरपी. अस्सल मनोविश्लेषण म्हणजे आठवड्यातून चार-पाच बैठका, आणि तेही काही वर्षं. चार बैठकांचे याच दरानं वर्षाला 2,88,000.

आता हे आकडे धार जिल्ह्यातल्या तिरल्यात आणून ठेवा. 2025-26 साली मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 261 रुपये होती. म्हणजे एक सेशन ही जवळजवळ पावणेसहा दिवसांची मजुरी. तेव्हाच्या हमीचे पुरे 100 दिवस काम मिळालं, तरी त्या 26,100 रुपयांत जेमतेम 17 सेशन बसतात, आणि घर चालवायला काही उरत नाही. धारच्या मराठी घरातल्या शिक्षकाला महिन्याचे सहा हजार जड जातील, पण ओढाताण करून जमतील. तिरल्याच्या भिल्ल मजुराला ते जमणारच नाहीत.

फी मागण्यात मनोविश्लेषणाच्या जनकाला, फ्रॉइडला, संकोच नव्हता. उपचाराच्या सुरुवातीवर 1913 साली लिहिलेल्या निबंधात त्यानं सांगितलं आहे की, लोक लैंगिक गोष्टींबद्दल जशी लपवाछपवी करतात तशीच पैशाबद्दलही करतात, म्हणून डॉक्टरनं फीचं पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलावं. ठरलेला तास रुग्णाचा. आला नाही तरी पैसे द्यायचे. पण व्हिएन्नातल्या सुखवस्तू माणसाला बेतलेला हा नियम तो स्वतः तरी कुठे पुरता पाळत होता? रशियन क्रांतीत संपत्ती गमावलेल्या एका जुन्या रुग्णाला त्यानं नंतर फुकट तपासलं आणि त्याच्यासाठी वर्गणीही जमवली. 1918 साली बुडापेस्टच्या भाषणात त्यानं गरिबांना मोफत उपचार मिळतील असा दिवस येईल म्हटलं. 1920 मध्ये बर्लिनला आणि 1922 मध्ये व्हिएन्नाला तसे दवाखाने निघालेही. आपल्याकडे 1922 सालीच कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी 1933 मध्ये तिथल्या कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसिक रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तेव्हा कमी पैशात उपचार मागायला लाजू नका. ती परंपरा या उपचाराइतकीच जुनी आहे.

फीपेक्षा मोठा खर्च रस्त्याचा. तिरल्याहून धार गाठून इंदूर सत्तरेक किलोमीटर. पन्नास मिनिटांसाठी दिवस मोडतो, भाडं वेगळं, बुडालेली मजुरी वेगळी. शिवाय हा उपचार ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळी होतो. सोयाबीन निघाल्यावर गुजरातेत मजुरीला जाणारं आणि होळीआधीच्या भगोरिया जत्रेला परतणारं कुटुंब दर मंगळवारी चार वाजता कुठून हजर राहणार? असा रुग्ण आला नाही की काही पुस्तकी थेरपिस्ट त्याला ‘प्रतिकार’, म्हणजे उपचार टाळण्याची मनाची धडपड, म्हणतात. कधी असेलही. बरेचदा मात्र ठेकेदाराची गाडी लवकर निघालेली असते.

ऑनलाइननं रस्त्याचा खर्च वाचतो, पण खोलीचा प्रश्न उभा राहतो. मनात येईल ते न गाळता बोलायचं, हा या उपचाराचा पाया. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई पलीकडे भाजी निवडत बसल्या असतील तर सून काय बोलणार? ‘कुणाशी एवढं बोलत होतीस?’ हा प्रश्न पुढच्या सगळ्या सेशनांवर पाणी फिरवतो. अनेक घरांत तर फोनच नवऱ्याचा असतो. म्हणून पैसे भरण्याआधी जागा ठरवा: शाळा सुटल्यावरचा वर्ग, मैत्रिणीचं घर, शेतावरची खोली. तिथं नेटवर्क मिळतं का, तेही पाहून या. आठवड्याला एक तास बंद दार मिळत नसेल तर ऑनलाइनचे 1500 वाया जातील. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा समक्ष जाणं परवडलं.

भाषेचंही बघा. धार-देवासच्या मराठी घरांत आईशी मराठी, बाजारात माळवी-हिंदी. लहानपणच्या गोष्टी ज्या भाषेत घडल्या त्या भाषेत सांगता आल्या पाहिजेत, यासाठी पुण्याचा मराठी थेरपिस्ट थोडा महाग पडला तरी चालेल. भिली बोलणाऱ्याला ही निवड बहुधा मिळतच नाही.

फुकट काय मिळतं? 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ‘टेलिमानस’, क्रमांक 14416, चोवीस तास. पहिला आधार आणि पुढची वाट तिथं मिळते. वर्षभराची थेरपी मिळत नाही. मध्य प्रदेशच्या जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’ आहेत, इंदूरला बाणगंगेचं सरकारी मनोरुग्णालय आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, कार्ड नसलं तरीही. याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलं. पण फसू नका: आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं, बाहेर बसून केलेल्या बोलण्याच्या उपचाराला नाही. खासगी पॉलिसीतही बाह्यरुग्ण खर्च धरला आहे का, ते वाचा आणि प्रत्येक सेशनची पावती घ्या.

जीव द्यावासा वाटत असेल, कानात आवाज येत असतील, झोप-जेवण सुटलं असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा.

खर्च खाली आणण्याचे मार्ग आहेत. मिळकतीनुसार फी घेणारे थेरपिस्ट असतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकणारे उमेदवार कमी पैशात बघतात. त्यांना कमी लेखू नका. वीसेक बैठकांत एकाच प्रश्नावर काम करणारी थेरपीही असते. 1500 च्या दरानं तिचे 30,000 होतात. माझं मत विचाराल तर तिरल्याच्या माणसानं आधी तीच करावी.

पहिल्या भेटीत चार गोष्टी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? बुडालेल्या सेशनचे पैसे घेता का, किती आधी कळवलं तर घेत नाही? फी कधी वाढवता? चार महिने कामाला बाहेरगावी गेलो तर माझी जागा ठेवाल का? या प्रश्नांवर जो चिडेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.