गरोदरपणातील रक्तक्षय : गोळी डब्यात नको, पोटात हवी

द्वारका चौकाच्या आसपासच्या वस्त्यांत आशाताई घरी येतात, लोहाच्या लाल गोळ्या देऊन जातात. पुष्कळ घरांत त्या फडताळातच राहतात. ‘मळमळतं’, ‘उष्ण पडतात’, ‘बाळ काळं होतं’ अशी कारणे सांगितली जातात. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, गोळीमुळे नाही. गोळी न घेतल्याचा धोका मात्र खरा आहे.

गरोदरपणात आईचे रक्त वाढते, वार आणि बाळ यांनाही लोह लागते. ते कमी पडले की थकवा, धाप, चक्कर सुरू होते. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होऊ शकते. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी आईचा जीव धोक्यात येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

हिमोग्लोबिन किती?

११ किंवा जास्त : चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतरही १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते.

७ ते १०.९ : डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज दोन गोळ्या आणि दरमहा तपासणी. हिमोग्लोबिन ११ झाले की रोज एक गोळी चालू ठेवावी.

७ पेक्षा कमी : केवळ गोळ्यांवर विसंबू नये, रुग्णालयात जावे. तेथे शिरेतून लोह द्यायचे की रक्त, हे डॉक्टर ठरवतात. ५ च्या खाली असेल किंवा शेवटचे महिने असतील, तर त्याच दिवशी दाखल व्हावे.

गोळी कशी घ्यावी?

जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, कॉफी, दूध यांबरोबर घेऊ नये; लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्यावी. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी. शौचास काळे होणे हे लोहामुळेच, घाबरू नये. बद्धकोष्ठ झाल्यास पाणी आणि पालेभाज्या वाढवाव्यात. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. जास्त गोळ्या पोटात गेल्यास मुलाच्या जिवावर बेतते.

नाचणी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या, मटण, मासे जरूर खावेत. सोबत लिंबू, आवळा, पेरू असावा. बीट लाल असते ते त्यातील रंगद्रव्यामुळे, लोहामुळे नव्हे. एकदा रक्तक्षय झाला की केवळ आहाराने तो वेळेत भरून निघत नाही.

महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एकानेही वाढले नाही, तर पुन्हा डॉक्टरांना भेटावे. जंत, बी-१२ची कमतरता, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया यांची तपासणी करावी लागते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तारीख लक्षात ठेवा, हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर लिहून घ्या.

शेवटची विनंती घरच्यांना. सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खायची पाळी गरोदर सुनेवर येऊ देऊ नका. तिला पहिल्या पंगतीला बसवा आणि ‘गोळी घेतलीस का?’ हे रोज विचारा.