सुगंधी कुंपण: अनुभवाचे बोल

कुंपण दाट राहावं म्हणून आपण कात्री चालवतो आणि फुलं येतात नेमकी कोवळ्या शेंड्यांवर. ही ओढाताण ओळखून झाड निवडावं. देशावरच्या बागेत राबून मला उमगलेल्या या काही गोष्टी.

१. पहिली पसंती कुंतीला. हिलाच कामिनीही म्हणतात. कढीपत्त्याच्या कुळातली, बारा महिने हिरवी. रोपं दीड-दोन फुटांवर लावावीत. ताणानंतर भरपूर पाणी मिळालं की बहर येतो. पहिल्या पावसानंतर तर सारं अंगण घमघमतं. बहर झडल्यावर छाटावी, मग हात आवरावा.

२. जवळ लिंबू-संत्री असतील तर मात्र कुंती नको. सिट्रस सिला ही कीड तिच्यावरही पोसते आणि लिंबूवर्गीय झाडांमध्ये ग्रीनिंग रोग पसरवते.

३. पाण्याची टंचाई असेल तिथे मेंदी. जुन्या फांद्यांची टोकं काटेरी होतात, त्यामुळे राखणही होते. हिना अत्तर हिच्याच बारीक फुलांचं. पण नर्सरीत नीट विचारून घ्या. कडू मेंदी हे वेगळंच झुडूप आहे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, पण वास अगदीच मंद.

४. अर्धवट उन्हाच्या बाजूला तगर चालते. दुहेरी फुलांची घ्यावी. रात्री तिला छान गंध येतो आणि सकाळी देवाला फुलं मिळतात. छाटताना चीक गळतो, म्हणून हातमोजे घालावेत.

५. अनंताचा मोह आवरावा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. कोकणातल्या तांबड्या आम्लधर्मी मातीत तो खुलतो. इकडे कुंडीत बरा.

६. रातराणी झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. तिच्या उग्र वासानं डोकं धरतं. शिवाय फळं विषारी. लहान मुलं असलेल्या घरी लावूच नये. कण्हेरीचंही तेच, ती तर मुळापासून फुलापर्यंत विषारी.

७. कुंपण खाली रुंद, वर निमुळतं कापावं. उलट कापलं तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि बुंधे उघडे पडतात.

८. माळीदादांना बहराचे दिवस आधीच सांगून ठेवावेत. नाहीतर दर महिन्याला कळ्या कचऱ्यात जातात आणि पाहुणे विचारतात, “याला फुलं येतात का हो?”