भाजी खाणारा आणि सगळं खाणारा (रोमकरांस पत्र १४:१-१२)



आजचं वाचन: रोमकरांस पत्र, अध्याय १४, वचनं १ ते १२. आधी बायबल उघडून वाचा, मग इकडे या. (मोबाइलमधलं बायबलही चालेल. आमच्या पाळकांना आवडत नाही, पण चालेल.)

खरं तर हे वाचन मागच्याच आठवड्यात यायला हवं होतं. मी टाळत होतो. का ते सांगतो.

पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मुलगा हिंदू. रजिस्टर लग्न, संध्याकाळी जेवण, आणि दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांनी सत्यनारायण ठेवलाय. आई-बाबांनी महिनाभर प्रार्थना केली आणि हो म्हणाले. नगरचे मामा नाही म्हणाले. लग्नाला येणार नाही, जेवायलाही येणार नाही. फॅमिली ग्रुपवर त्यांनी एकच ओळ टाकली: करिंथकरांस दुसरे पत्र ६:१४. विजोड जोडीविषयीचं वचन, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना घरून ऐकवलं गेलं असेल.

मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. तिथल्या तिथे उत्तर टाइप केलं: मामा, याच पौलाने बायकांना प्रार्थनेत डोकं झाकायला सांगितलंय, मग रविवारी मामींचा पदर कुठे असतो? तीन भावंडांनी हसण्याचे इमोजी टाकले. मला फार भारी वाटलं. दहा मिनिटांनी मामा ग्रुपमधून बाहेर पडले.

हे मामा म्हणजे तेच, ज्यांनी मला वचनं पाठ करायला शिकवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओट्यावर बसवून, एका वचनाला एक लिमलेटची गोळी. माझ्या दृढीकरणाला त्यांनी दिलेलं बायबल आत्ता माझ्यासमोर आहे. पहिल्या पानावर त्यांचं शिक्षकी वळणाचं अक्षर.

आता वाचनाकडे येऊ.

पौलाने हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिलं. त्याआधी इ.स. ४९ च्या आसपास क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोममधून घालवलं होतं. प्रेषितांची कृत्ये १८:२ बघा, अक्विला आणि प्रिस्किल्ला तिथूनच करिंथला आले. इ.स. ५४ मध्ये क्लौद्य मेला आणि लोक हळूहळू परतू लागले. परत येऊन बघतात तर काय, त्यांच्या मागे मंडळ्या परराष्ट्रीयांच्या झालेल्या. जेवणं वेगळी, सण वेगळे. यहूदी विश्वासणाऱ्यांना बाजारातल्या मांसाची खात्री नाही, म्हणून त्यातले काही फक्त भाजी खातात. दुसरे म्हणतात, प्रभूने आपल्याला मोकळं केलंय, आण ते मटण. बऱ्याच अभ्यासकांच्या मते या अध्यायामागचं भांडण साधारण असं आहे. आणि या मंडळ्या घरात भरायच्या हे विसरू नका. एकच खोली, एकच जेवण. नजर चुकवायला जागा नाही.

इथे तिसरं वचन नीट वाचा. मी इतकी वर्षं ते अर्धंच वाचत होतो.

माझ्यासारख्या माणसाला हा अध्याय फार आवडतो. मी स्वतःला उदारमतवादी ख्रिस्ती म्हणवतो. उत्पत्तीचे सहा दिवस मी चोवीस-चोवीस तासांचे मानत नाही, स्त्रियांनी वेदीवर उभं राहावं असं मला वाटतं, आणि देव चर्चच्या कंपाउंडबाहेरही काम करतो यावर माझा विश्वास आहे. त्यामुळे वाद झाला की मी हा अध्याय काढायचो आणि समोरच्याला दाखवायचो: बघा, दोष लावू नका म्हणून लिहिलंय.

पण पौल तिथे दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. जो खात नाही, त्याला सांगतो की खाणाऱ्याला दोष लावू नकोस. आणि जो खातो त्याला? त्याला सांगतो की न खाणाऱ्याला तुच्छ मानू नकोस. डॉक्टरने दोन पेशंटना एकच गोळी दिलेली नाही. कडक माणसाचा आजार दोष लावणं. मोकळ्या माणसाचा आजार हसणं. मामींच्या पदरावर मी जे केलं ते नेमकं हेच होतं. हाताशी वचन होतं, मुद्दाही बरोबर होता, आणि तरी ते तुच्छ मानणंच होतं.

यावरून पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्या शाकाहारीच राहिल्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेला त्यात जातीचा जुना अभिमान दिसायचा. त्या दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे, मिळाला तर जरूर वाचा. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं: माझे काही संस्कार अजून सुटले नसतील, कबूल. पण एखादी इंग्लिश बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि कोणाला त्रास न देता आपल्या सवयींनी जगली, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. आणि त्रैक्याच्या मतावर त्या तेव्हा इतके अवघड प्रश्न विचारत होत्या की सिस्टर्स हैराण झाल्या.

गंमत बघा. रमाबाई एकाच वेळी दोन्ही बाजूंना आहेत. खाण्याच्या बाबतीत त्या रोमकरांस पत्रातला भाजी खाणारा माणूस, आणि मतांच्या बाबतीत सगळ्यांत मोकळ्या. आपण मात्र माणसाला एकाच खान्यात टाकतो, आणि ते खानं माझ्या मते वचनापेक्षा आपल्या सोयीचं जास्त असतं.

मग सगळंच चालतं का? मला हा प्रश्न मामांनी विचारला असता, आणि बरोबर विचारला असता. कारण हाच पौल गलतीकरांस पत्र २:११ मध्ये अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत सुनावतो. तोही विषय जेवणाचाच. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आल्यावर तो हळूच वेगळा बसायला लागला. रोममधल्या भाजी खाणाऱ्याला सांभाळून घेणारा पौल इथे एक इंचही मागे सरत नाही.

आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये दोन प्रकारच्या कमेंट असतात. एक असते निट. म्हणजे मी हे वेगळं लिहिलं असतं, पण चालेल, जाऊ दे. दुसरी ब्लॉकर. हे असं मर्ज झालं तर सिस्टिम पडेल. नवीन पोरं प्रत्येक निटला ब्लॉकर समजून भांडतात, आणि काही सिनिअर ब्लॉकरलाही निट म्हणून सोडून देतात. पौलाला तुम्ही काय खाता, कोणता दिवस पाळता, हे निट वाटतं. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, एवढंच तो पाचव्या वचनात म्हणतो. पण तुमच्या नियमामुळे दुसरा माणूस पंगतीतून उठवला गेला, की तो ब्लॉकर. उदारमतवादी नीतीचा कणा मला इथे सापडतो: नियम किती जुना आहे यापेक्षा तो शेजाऱ्याचं काय करतो ते बघा. १३:१० वाचलंत तर पौल एक पान आधीच तिथे पोचलेला दिसेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. अध्याय १४ मंडळीच्या आतल्या लोकांसाठी आहे. माझ्या होणाऱ्या जिजाजींबद्दल तो काही बोलत नाही. त्यासाठी करिंथकरांस पहिले पत्र ७:१२-१४ बघावं लागतं. तिथे विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये, असं आहे. पण ते आधीच झालेल्या लग्नाबद्दल आहे, हेही खरं. आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचं तर १०:२७-२८ मध्ये अगदी आपल्या घरातल्यासारखं लिहिलंय. कोणी जेवायला बोलावलं तर जा, वाढलेलं खा, चौकशा करत बसू नका. मात्र हे नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मला हे वचन गैरसोयीचं आहे. मी प्रसादाचा शिरा घेणार आहे, नाकारणं त्या माउलीला दुखवेल म्हणून. पण पौल माझ्या बाजूने आहे असं मी मामांना सांगू शकत नाही.

परवा संध्याकाळी मी मामांना फोन केला. मामींनी उचलला. म्हणाल्या, ते झोपलेत. संध्याकाळचे सात वाजले होते. मी मामींची माफी मागितली, पदराबद्दल. त्या म्हणाल्या, अरे मला त्याचं काही नाही, पण त्यांना लागलं रे. तुझं बायबल काढून बसले होते, पाठांतराची वही.

काल सकाळी स्टँड-अपच्या पाच मिनिटं आधी मामांचाच फोन आला. मी माफी मागितली. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, सध्या काय वाचतोयस? म्हटलं, रोमकरांस चौदा. कुठपर्यंत? म्हटलं, बारापर्यंत.

"तेरापासून पुढे वाच," मामा म्हणाले. "तिथे खाणाऱ्याला जास्त सांगितलंय."

लग्नाचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आई त्यांच्यासाठी पत्रिका घेऊन रविवारी नगरला जाणार आहे, मी गाडी चालवतोय. प्रार्थनेत आठवण ठेवा.

उद्याचं वाचन: रोमकरांस पत्र १४:१३-२३.