शहर की शांतिनिकेतन?

आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक ११ आणि अध्याय १८, श्लोक ६३



अ‍ॅडमिशनचे दिवस आले की एक प्रश्न हमखास पडतो. दोन विद्यापीठांत नंबर लागलाय, एक गजबजलेल्या शहरात, दुसरं दूर आणि निवांत. कुठे जाऊ? देवाची इच्छा काय असेल?

आधी सहावा अध्याय. ध्यान कसं करायचं हे सांगताना भगवंत मन एकाग्र करण्याच्या आधी जागेबद्दल बोलतात. जागा स्वच्छ हवी, आसन स्थिर हवं, फार उंच नको, फार सखलही नको. माउलींनी तर या एका श्लोकावर जागेचं वर्णन कितीतरी ओव्यांत केलंय. म्हणजे जागेचा विचार करणं ही श्रद्धेची कमतरता नाही. जागेचा परिणाम होतोच.

एक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीच्या एका मुलीला तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय. एक पर्याय मुंबई विद्यापीठ, स्थापना १८५७. कलिन्याला जायचं तर लोकलने कुर्ला, पुढे बस किंवा रिक्षा. दिवसाचे दोन-तीन तास प्रवासात. पण घरचं जेवण, ओळखीची भाषा, शहरभर व्याख्यानं आणि रात्री आई-बाबांशी गप्पा.

दुसरा पर्याय विश्वभारती, रवींद्रनाथांनी १९२१ मध्ये शांतिनिकेतनात उभं केलेलं. झाडी, सायकली, रविवारऐवजी बुधवारी सुट्टी आणि त्या सकाळी काचेच्या मंदिरात उपासना. पण आजूबाजूला बंगाली, आणि हावड्याहून मुंबईला यायचं तर ट्रेनने एका दिवसाहून जास्त. घरी कोणी आजारी पडलं तर लगेच पोचता येणार नाही.

शांतिनिकेतनची सुरुवात कशी झाली माहितीये? रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ तिथे सप्तपर्णीच्या झाडांखाली ध्यानाला बसत. १८६३ मध्ये त्यांनी ती जमीन घेतली. पूर्वी विश्वभारतीत पदवीसोबत सप्तपर्णीची पानं देत असत. गंमत म्हणजे हेच झाड मुंबईच्या रस्त्यांवरही आहे. पावसाळा संपला की त्याचा उग्र वास येतो आणि आपण नाक दाबून पुढे जातो. झाड तेच. तिथे एक माणूस बसला, हा फरक.

म्हणून जागा मदत करते, पण बसायचं आपल्यालाच असतं. निवांत हॉस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत रील्स बघता येतात. आणि लोकलच्या गर्दीत रोज भजन म्हणणारी मंडळी आपण सगळ्यांनीच पाहिलीत.

मग ठरवायचं कसं? स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. माझा अभ्यास रोज, न चुकता, कुठे होईल?
२. मी त्या जागेकडे ओढला जातोय, की घरातल्या किंवा शहरातल्या कशापासून पळतोय?
३. माझ्या निर्णयाचा भार कोणावर पडणार आहे, आणि त्यांच्याशी मी मोकळेपणाने बोललोय का?

आता अठरावा अध्याय. एवढं सगळं ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की याचा नीट, पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात भगवंत रथावर आहेत, तरी निर्णय अर्जुनाचाच ठेवतात! मग आपण देवासमोर चिठ्ठ्या टाकून कौल का मागायचा? फी, अंतर, विषय, शिक्षक, घरची परिस्थिती, या सगळ्याचा नीट विचार करणं हीसुद्धा भक्तीच. आणि एकदा ठरलं की "तिकडे गेलो असतो तर?" हे रोज उगाळत बसू नका. निवडलेल्या जागी आसन स्थिर करा.

आजचा अभ्यास : फोन बाजूला ठेवून दहा मिनिटं बसा आणि तिन्ही उत्तरं वहीत लिहा. मग घरच्यांना वाचून दाखवा.

प्रार्थना : देवा, विचार करायची बुद्धी दे, आणि जिथे जाईन तिथे टिकून बसायचं बळ दे.

राम कृष्ण हरी!