समतावाद आणि स्त्रीवाद : अर्थभेदाचा विचार

‘समतावाद’ आणि ‘स्त्रीवाद’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. त्यांचे नाते निकटचे असले, तरी अर्थ एक नव्हे. जात, धर्म, लिंग वा संपत्ती यांवरून माणसामाणसांत भेद होऊ नये, हा समतावादाचा आग्रह होय. स्त्रीला केवळ स्त्री म्हणून जे सोसावे लागते, त्याची कारणे शोधून ती दूर करणे, हे स्त्रीवादाचे कार्य होय. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून समतेचा पुरस्कार केला. त्याच परंपरेतील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषाला एक व स्त्रीला दुसरा न्याय का, असा जाब विचारला.

इंदूरच्या शाहबानो खटल्यात या दोन्ही दृष्टी एकत्र आढळतात. बासष्ट वर्षांच्या शाहबानो यांनी एप्रिल १९७८ मध्ये वकील असलेल्या पतीकडून पोटगी मिळावी म्हणून इंदूरच्या न्यायालयात अर्ज केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पतीने तलाक दिला. १९७९ मध्ये पोटगी मंजूर झाली ती दरमहा अवघी २५ रुपये! उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ती १७९ रुपये २० पैसे केली. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी ती कायम केली.

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सर्व धर्मीयांना लागू आहे, असे न्यायालयाने सांगितले. ही समतेची बाजू. परंतु हे कलम पत्नीला पोटगी देत होते, पतीला नाही. हा भेद का? कारण संसारात राबलेल्या स्त्रीच्या हाती बहुधा स्वतःची मिळकत नसते. ही जाण स्त्रीवादाची. १९८६ च्या कायद्याने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळी वाट आखली. मात्र कलम १२५ चा मार्गही त्यांना खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

आपल्या संविधानातही दोन्ही विचार नांदतात. अनुच्छेद १४ कायद्यापुढील समानता सांगतो; अनुच्छेद १५(३) स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतुदीची मुभा देतो. पंचायतीतील महिलांच्या राखीव जागा हे त्याच विचाराचे फळ. मात्र सरपंच पत्नी आणि कारभार पतीचा, असे जेथे घडते, तेथे समता कागदावरच राहते. म्हणून प्रत्येक ग्रामसभेत दोन प्रश्न विचारले जावेत : नियम सर्वांना सारखा आहे काय? आणि त्याचा लाभ स्त्रीच्या हाती खरोखर पडतो काय?