मानवनिर्मित ते सारे त्याज्य काय?

इतिहासाच्या तासाला नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, जात माणसाने निर्माण केली म्हणून ती मानू नये, असे आपण शिकवता. संविधानही माणसांनीच लिहिले. मग ते का मानायचे?” प्रश्न रास्त होता.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात तथागत बुद्ध एका तरुण ब्राह्मणाच्या निदर्शनास आणतात की, योन व कंबोज देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण आहेत. तेथे आर्याचा दास होतो, दासाचा आर्य. देश बदलताच जी व्यवस्था बदलते, ती निसर्गाची नव्हे, माणसाची. १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हेच दाखवले : जात ही विटांची भिंत नाही, ती मनातील धारणा आहे.

मात्र धारणा म्हणजे निरुपद्रवी कल्पना नव्हे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही अस्पृश्यांना तेथे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले. त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. यावरून बोध हा की, एकट्याने ‘मी जात मानत नाही’ म्हणून भागत नाही. समूहाच्या आचरणाने जे टिकते, ते समूहाच्या आचरणानेच मोडावे लागते.

तेव्हा मानवनिर्मित असणे हा दोष नव्हे. कसोटी वेगळी आहे : त्या व्यवस्थेला प्रश्न विचारता येतो का? ती बदलता येते का? ती सर्वांना समान प्रतिष्ठा देते का? जात या तिन्ही कसोट्यांवर नापास होते. संविधान मात्र अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करते आणि अनुच्छेद ३६८ अन्वये स्वतःच्या दुरुस्तीचा मार्गही खुला ठेवते. म्हणून ते आपल्या निष्ठेस पात्र आहे. पण आपला सहभाग नसेल, तर तेही महाडच्या त्या ठरावासारखे कागदावरच राहील.

माजी विद्यार्थ्यांनो, या वसतिगृहात आपण एका पंगतीत जेवलो. शेजारच्याची पोटजात कधी विचारली नाही. आज मुलामुलींची स्थळे पाहताना आपल्यापैकी कितीजण ती विचारतात? त्या विद्यार्थिनीला मी उत्तर दिले. या प्रश्नाचे उत्तर आपण आपापल्या घरी द्यावयाचे आहे.