रात्रीचा निघू नकोस

मंडणगड, फाल्गुन

चि. सौरभ,

माझ्या डेपोतल्या जुन्या कंडक्टरच्या मुलाने काल मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पहाटेचा अंधार, वेळासची पुळण, वाळूत रुतलेली गाडी आणि तिचे पेटलेले दिवे. मागच्या काचेवर ताईने चिकटवलेला गणपती दिसला, म्हणून ओळखली. तुला लावायला फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बोललो असतो तर ओरडलो असतो. म्हणून लिहितो आहे.

वाळूचं पुढे सांगतो. पहाटे तिथे पोचलास, म्हणजे पुण्याहून रात्रीचा निघालास. का? दिवसभर ऑफिस करून ताम्हिणी उतरलास, माणगाव, आंबेतचा पूल, म्हाप्रळ करत मंडणगडात आलास, मामाच्या दारावरून गेलास आणि थांबला नाहीस! भावोजींचं तुला सांगायला नको. तेव्हा तू सातवीत होतास. ताई अजून रात्रीचा फोन स्वतः उचलत नाही, शेजारच्या काकूंना हाक मारते.

तुझा हात चांगला आहे, मला माहीत आहे. पण आमच्याकडचे आडरस्ते हायवेसारखे नाहीत. डांबरावर डांबर चढत गेलं आणि साइडपट्टी खालीच राहिली. समोरून एसटी आली म्हणून एक चाक खाली घातलंस, तर ते वर घेताना स्टिअरिंग हातातून हिसकलं जातं. दिवसा ती कड दिसते. रात्री समोरच्याच्या दिव्यांनी डोळे दिपले की दिसत नाही. वळणावर बारीक खडी पसरलेली असते, तिथे ब्रेक दाबलास की चाकं सरकतात. ज्या गिअरमध्ये चढ चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, नाहीतर ब्रेक तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. हवा आणि स्टेपनी घरून निघतानाच बघावी, डिझेल मंडणगडात भरावं. हे सगळं तुला मी शिकवलंय आणि तू ते पाळतोसही. पण डुलकी लागली की शिकलेलं काही कामाला येत नाही. म्हणून पुन्हा म्हणतो, रात्रीचा निघू नकोस.

आता वाळूचं. ओहोटीला ओली पुळण पायाला घट्ट लागते, म्हणून पोरं गाडी खाली घालतात. जरा वर कोरड्या वाळूत चाक गेलं की ते जागच्या जागी फिरतं आणि अजून खोल जातं. भरतीचं पाणी कुणासाठी थांबत नाही. गाडी वाचली, तुम्ही वाचलात, देवाची कृपा. पण ज्यांना बघायला गेला होतास त्यांचा विचार केलास का? कासवीण रात्री वर येते, हातभर खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परतते. मागे राहतो तो तिचा वाळूवरचा माग. गावातली माणसं भल्या पहाटे तो माग बघत चालतात आणि घरटं सापडलं की अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात. तुझ्या टायरांनी तो माग मोडला, तर ते घरटं माणसांना सापडायचं नाही, कोल्ह्या-कुत्र्यांना सापडेल. आणि पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात. समुद्रावरच्या उजेडावरच त्यांना पाणी सापडतं. तुझे हेडलाइट बघून ती जमिनीकडे वळली असती.

माझ्या उमेदीच्या काळात ही अंडी उकरून विकली जात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या माणसांनी वेळासला काम सुरू केलं, गावाने ते आपलं मानलं. 2006 पासून कासव महोत्सव भरतो, लोक गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचं जेवतात. असं गाव तुला पाहुणा म्हणून घरात घेतं. त्याची पुळण तुडवायची नसते, बाळा.

त्या बाजूला मी कितीतरी वेळा वस्तीची गाडी नेली. रात्री गाडीतच पाठ टेकायची आणि पहाटे पहिली फेरी काढायची. समुद्राचा आवाज झोपेत ऐकू यायचा. ताई तेव्हा लग्नाची होती. म्हणायची, मला एकदा कासव दाखव रे. मी म्हणायचो, सुट्टी मिळू दे. मग तिचं लग्न झालं, तू झालास, मग भावोजी गेले. आता तिचे गुडघे दुखतात. बहिणीने माझ्याकडे मागितलेलं ते एवढंसं होतं, तेही राहून गेलं. रात्री जाग आली की त्याची फार रुखरुख लागते.

तुला मात्र ती पिल्लं बघावीशी वाटली, त्यासाठी इतक्या लांब आलास, हे मला मनापासून आवडलं. गाडी रुतली तेव्हा घाबरला असशील. मला फोन करायचा होतास. एक शब्द न बोलता ट्रॅक्टर घेऊन आलो असतो. पुढेही कधी कुठे अडकलास, तर वेळ बघू नकोस, मला उठव.

येत्या शनिवारी ताईला घेऊन ये. चांगलं उजाडल्यावर निघा. दुपारी इथे जेवा, मामी कुळथाची पिठी करेल. मग तिघे वेळासला जाऊ. गाडी गावातच ठेवायची. ताईला वाळूत चालायला जड जाईल, एका बाजूने तू धर, एका बाजूने मी धरतो. ताम्हिणीत तिला मळमळतं, तिला पुढे बसव, आवळासुपारी हाताशी ठेव आणि वळणं सावकाश घे. उशीर झाला तर होऊ दे. पिल्लं रविवारी सकाळीही सोडतात, आपण तेव्हा जाऊ.

तुझा,
मामा